ऐकण्याची ऐपत

मराठीच्या वर्गात ओवी, भारूड, पोवाडा आणि गोंधळ आज बहुधा केवळ वाचले जातात. ऐकले जात नाहीत. कारण विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, अभ्यासाला संहिता असते, ध्वनी नव्हे. दोन, नीट ऐकण्याची यंत्रसामग्री आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांना परवडत नाही. पहिले उत्तर आळसाचे आहे आणि दुसरे चक्क खोटे, असे आमचे मत आहे.

भूम हे आमचे गाव खव्यासाठी प्रसिद्ध. ज्या भवानीचा गोंधळ घालतात तिचे तुळजापूर याच जिल्ह्यातले. २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत भरले. तरीही आमचा विद्यार्थी संबळ गाइडमधल्या व्याख्येवरून पाठ करतो, फार तर मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवर ऐकतो. संबळाच्या जोडीतले एक भांडे उंच बोलते, दुसरे खोल. मोबाइलवर पहिलेच तेवढे उरते. गायकाचा षड्ज काळी एक धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ६९ भरतात. एवढा खालचा स्वर त्या स्पीकरातून निघतच नाही. उपस्वरांवरून कान तो ताडतो हे खरे. पण ताडणे म्हणजे ऐकणे नव्हे. सारांश वाचून कादंबरी 'माहीत' होते, तसेच हे.

'परवडत नाही' या समजुतीचे पुरस्कर्ते दोन. पहिले, खोक्यावर हजारो 'पीएमपीओ' वॅट छापणारे. कोणत्याही ठरलेल्या मापाविना काढलेला हा आकडा समीक्षेतल्या 'युगप्रवर्तक' या विशेषणाइतकाच विश्वासार्ह. वास्तविक एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर घरच्या खोलीत पाच-दहा वॅटमध्ये भरपूर वाजतो. वॅट दुप्पट केले तरी वाढतात ते तीनच डेसिबल. दुसरे पुरस्कर्ते शहरी शौकीन. काळी तबकडी आणि महागडी तार यांवाचून संगीत कळत नाही, असे ते बजावतात. चार-पाच मीटरसाठी तांब्याची साधी जाड वायर पुरते, हे मात्र सांगत नाहीत.

आमची जोडणी अशी : अ‍ॅम्प्लिफायर जुना, स्पीकर नवे, आणि ध्वनिमुद्रणे वाजवायला घरातलाच संगणक. अर्ध्याहून अधिक पैसा स्पीकरवर घातला. अ‍ॅम्प्लिफायर सावकाश म्हातारा होतो. नॉबची खरखर साफ करता येते, फुगलेले कपॅसिटर गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा बदलून देतो. स्पीकरच्या कडेचा फोम मात्र काही वर्षांत भुगा होतो. म्हणून जुना स्पीकर घ्यायचाच तर रबरी किंवा कापडी कडेचा. अ‍ॅम्प्लिफायरवर आठ ओहम लिहिले असता चार ओहमचा स्पीकर जोडू नये. स्पीकर कोपऱ्यात कोंबले की खर्ज फुगतो. ते आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा, खाली सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर गोधडी असावी.

जुन्या मालात फसगत होते, हा आक्षेप रास्त आहे. आमच्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरची एक बाजू आठवड्यात मुकी झाली. दोष आमचाच, तासभर तापवून, दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजवून पाहण्याआधी आम्ही पैसे मोजले होते. पण न तपासता घेतलेले नवे पुस्तकही फसवतेच. म्हणून कोणी वाचन सोडत नाही.

आणि ऐकायचे काय? हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या जात्यावरच्या लाखभर ओव्यांपैकी कित्येक २०१७ पासून 'पारी'ने ध्वनिमुद्रणासह खुल्या केल्या आहेत. छापील ओवीच्या दोन ओळी विषम दिसतात आणि आम्ही शिक्षक 'शिथिल छंद' असा शेरा मारून मोकळे होतो. ऐकताना कळते की गाणारी शब्द पुन्हा घेते, स्वर लांबवते, मध्ये 'गं बाई' घालते आणि मात्रा भरून काढते. शैथिल्य ओवीत नव्हते. आमच्या कागदात होते.

मौखिक परंपरेचा गौरव करणाऱ्या परिसंवादांवर विभाग खर्च करतातच. त्यातल्या एकाचा हार-तुऱ्यांचा आणि भोजनाचा खर्च वाचवून एका खोलीत अशी जोडणी करावी, एवढीच आमची मागणी आहे. त्यानंतरही ज्यांना ओवी डोळ्यांनीच वाचायची असेल त्यांनी ती खुशाल वाचावी. फक्त ऐपतीचे कारण पुढे करू नये.