साथ कळवणाऱ्यालाच शिक्षा?

परदेशात जाऊन शिकार करायची म्हणून वर्षभर आधी पैसे भरून ठेवणारी माणसं असतात, हे वाचून तुमच्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार उरली ती जुन्या फोटोंत आणि संस्थानिकांच्या वाड्यांतल्या भिंतींवर. पण दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे या देशांत ती परवाना घेऊन, पैसे मोजून, कायद्यात राहून होते. येणारे बहुतेक अमेरिकन नाहीतर युरोपियन. मला स्वतःला हौसेसाठी जनावर मारणं पटत नाही, पण आज तो विषय नाही.

मग एका डॉक्टरने यावर का लिहावं? कारण कोविडच्या काळात या सहली दोनदा बंद पडल्या. एकदा २०२० च्या मार्चमध्ये आणि दुसऱ्यांदा २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये. पहिल्या वेळी बंदी घालणं समजण्यासारखं होतं. दुसऱ्या वेळी ती, माझ्या स्पष्ट मतानुसार, निव्वळ घाबरटपणा होता, आणि त्याची किंमत आपण सगळे पुढच्या साथीत मोजू शकतो.

आधी पहिली वेळ. मार्च २०२० मध्ये व्हायरस नवा होता. लस नव्हती, खात्रीचा उपचार नव्हता, टेस्ट पुरेशा नव्हत्या. दक्षिण आफ्रिकेने २६ मार्चच्या मध्यरात्रीपासून लॉकडाऊन लावला. तिथला शिकारीचा हंगाम प्रामुख्याने त्यांच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या उन्हाळा-पावसाळ्यात असतो. तो पूर्ण हातचा गेला. आंतरराष्ट्रीय प्रवास थोडाफार सुरू झाला तो १ ऑक्टोबरला. न्यूझीलंडची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. तिथे मार्च-एप्रिल हा सांबरासारख्या मोठ्या लाल हरणांच्या माजाचा आणि म्हणून शिकारीचा मुख्य काळ. ऐन त्याच वेळी देश बंद झाला. बाहेरच्यांना प्रवेश नाही, आणि स्थानिक माणसालाही बंदूक घेऊन सरकारी जंगलात जायला मनाई. सगळ्यांना एकच नियम, आणि परत येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही सक्तीचं विलगीकरण. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या त्या देशाला याचा फायदा झाला, हे कबूल करायला हवं. बंदी कधीच उपयोगी नसते असं मी म्हणत नाही.

नुकसान मात्र खरं होतं आणि ते शिकाऱ्याचं नव्हतं. शिकाऱ्याची तारीख पुढे गेली, फार तर आगाऊ रक्कम अडकली. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाला. १९९८ मध्ये अशा पहिल्या ४ सामुदायिक संस्था नोंदल्या गेल्या, आज त्या ८६ आहेत. त्यांचं उत्पन्न मुख्यतः दोन गोष्टींतून येतं, कॅमेरा घेऊन येणारा पर्यटक आणि बंदूक घेऊन येणारा. रस्त्यापासून दूर, जिथे लॉज नाही, तिथे बहुतेक दुसराच. त्या पैशांतून गावातल्याच राखणदारांचे पगार होतात, जे चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवतात. मारलेल्या जनावराचं मांस गावात वाटलं जातं. पाहुणे थांबल्यावर हे पगार थांबायची वेळ आली आणि सरकारला व देणगीदारांना तातडीचा निधी उभा करावा लागला. साथीमुळे सहल रद्द झाली की तिच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलेलं असतं, हे कळावं म्हणून एवढं सांगितलं.

आता दुसरी वेळ, जिच्याबद्दल मला भांडायचं आहे.

नोव्हेंबर २०२१. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांना पीसीआर टेस्टमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. या टेस्टमध्ये व्हायरसच्या एकाहून अधिक जनुकांचा शोध घेतात. काही नमुन्यांत बाकीची सापडत होती, पण एक गायब. डेल्टामध्ये सहसा असं होत नव्हतं. तिथल्या आणि बोट्स्वानातल्या शास्त्रज्ञांनी नमुन्यांचा जनुकीय क्रम काढला, २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं आणि २५ तारखेला जगाला सांगितलं. २६ ला त्या व्हेरियंटला ओमिक्रॉन हे नाव मिळालं. नमुना घेण्यापासून जगाला सांगेपर्यंत जेमतेम दोन आठवडे. आमच्या व्यवसायात याला उत्तम काम म्हणतात.

बक्षीस काय मिळालं? २५ च्या रात्रीच ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेसह ६ देशांची विमानं थांबवण्याची घोषणा केली. युरोप मागोमाग आला. अमेरिकेने २९ पासून ८ देशांना दार बंद केलं: दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, झिम्बाब्वे, नामिबिया, लेसोथो, एस्वातिनी, मोझाम्बिक आणि मलावी. घोषणा झाली तेव्हा यातल्या बहुतेक देशांत ओमिक्रॉनचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. त्यांचा गुन्हा एवढाच की नकाशावर ते शेजारी होते. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी याला प्रवासातला वर्णभेद म्हटलं, आणि मला तो शब्द जड वाटत नाही.

त्या अमेरिकन बंदीतली एक अट वाचा म्हणजे मी का चिडलो ते कळेल. ती अमेरिकन नागरिकांना लागू नव्हती. म्हणजे नामिबियात शिकार करून परतणारा अमेरिकन माणूस निगेटिव्ह टेस्ट दाखवून घरी जाऊ शकत होता. त्याच्यासाठी माग काढणाऱ्या, त्याच्याच जीपमध्ये त्याच्या शेजारी आठ दिवस बसलेल्या नामिबियन माणसाला मात्र तीच टेस्ट घेऊनही प्रवेश नव्हता. व्हायरस पासपोर्ट बघतो हे मला एमडीला कोणी शिकवलं नव्हतं.

बरं, व्हायरस अडला का? नेदरलँड्सने आधीचे साठवलेले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांत ओमिक्रॉन सापडला. म्हणजे जगाला बातमी कळण्याआधीच तो युरोपात होता. अमेरिकेने नेदरलँड्सवर बंदी घातली नाही. आपल्याकडे पहिले दोन रुग्ण २ डिसेंबरला बंगळुरूत जाहीर झाले आणि त्यांपैकी एकाने परदेश प्रवासच केलेला नव्हता. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीतला. तो केपटाऊनहून निघून २४ नोव्हेंबरला, दुबईमार्गे भारतात पोचला होता. कुठलीही बंदी जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी.

यात नवल काही नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस जातात, अनेकांना लक्षणं येतच नाहीत. टेस्ट होते, त्यातले थोडेच नमुने जनुकीय तपासणीला जातात, त्याचा अहवाल यायला आणखी दिवस लागतात. म्हणून नवा व्हेरियंट ज्या दिवशी सापडतो, त्या दिवशी तो बऱ्याच ठिकाणी पोचलेला असतो. आणि जिथे तो आधी सापडतो, तिथेच तो जन्मला असंही नाही. ज्याच्याकडे चांगला टॉर्च आहे त्याला उंदीर आधी दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

ब्रिटनने १५ डिसेंबरला ही यादी रिकामी केली, अमेरिकेने ३१ डिसेंबरला. ब्रिटिश सरकारने दिलेलं कारण असं की ओमिक्रॉन आता आमच्याकडेच पसरला आहे. तोवर आफ्रिकेतल्या उन्हाळी सुट्टीचा ऐन पर्यटनाचा महिना निघून गेला होता. शिवाय विमानं थांबल्याने तपासणीसाठी लागणारी रसायनं मिळणं अवघड होईल, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच जाहीरपणे सांगितलं होतं. ज्याच्या हातात टॉर्च आहे त्याचेच सेल काढून घ्यायचे!

‘पण डॉक्टर, थोडा वेळ तरी मिळतो ना?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आणि तो चुकीचा नाही. हो, काही दिवस मिळू शकतात. पण त्या दिवसांत बूस्टर द्यायचे, बेड वाढवायचे, टेस्टिंग वाढवायचं ठरलं असेल तरच त्यांचा उपयोग. आणि वेळच हवा असेल तर कुठल्याही देशातून येणाऱ्या प्रत्येकाची टेस्ट करा, आठवडाभर वेगळं ठेवा. ते महाग असतं, स्वतःच्या मतदारांना त्रास देणारं असतं. दुसऱ्याचं नाव यादीत टाकणं फुकट असतं.

आता तुम्ही म्हणाल, आफ्रिकेचं आम्हाला काय? माझ्या वयाच्या वाचकांना १९९४ आठवत असेल. मी तेव्हा इंटर्नशिप करत होतो. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवा वाढल्या, गाठीच्या प्लेगचा संशय आला. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग. लाखो माणसं सुरत सोडून निघाली, टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल मेडिकलच्या दुकानांतून गायब झाल्या. मृत्यू झाले पन्नासच्या आसपास. प्रत्येक मृत्यू वाईटच, पण हा आजार स्वस्त अँटिबायोटिकने बरा होणारा होता. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती. तरी आखाती देशांसह अनेकांनी आपली विमानं थांबवली, सहली रद्द झाल्या, आपल्या मालाला आणि माणसांना संशयाने वागवलं गेलं. देशाचं नुकसान दीड-दोन अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचे अंदाज आहेत. पुन्हा मे २०२१ मध्ये, डेल्टाच्या लाटेत, ऑस्ट्रेलियाने भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना तुरुंगाची भीती घातली. तेव्हा तुमची मुलं तिकडे अडकली होती, तुम्हाला राग आला होता. नोव्हेंबरमध्ये त्यातल्याच काहींनी मला ‘आफ्रिकेची विमानं बंदच करायला हवीत’ असे मेसेज फॉरवर्ड केले.

१९९४ सारखे प्रसंग टळावेत हाही २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांमागचा एक हेतू. त्यात सौदा साधा आहे. संकटाची शक्यता दिसली की देशाने २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं, आणि इतरांनी शास्त्रीय कारणाशिवाय त्याची वाट अडवायची नाही. वेगळी बंदी घालायची तर ४८ तासांत कारणासह संघटनेला सांगायचं. पण न सांगितलं तर शिक्षा काही नाही. कळवणाऱ्याला मात्र शिक्षा होते, ती विमानतळावर आणि हॉटेलांच्या रिकाम्या खोल्यांत. असं असेल तर पुढच्या वेळी एखाद्या देशाचा आरोग्यमंत्री ऐन हंगामात अहवाल टेबलावर दोन आठवडे दाबून ठेवणार नाही, याची खात्री कोण देईल? ते दोन आठवडे तुमच्या-माझ्या लसीचे असतील.

हे मी दवाखान्यात रोज बघतो. २०२० मध्ये ताप आलेली माणसं पॅरासिटामॉल घेऊन गप्प बसत, कारण टेस्ट पॉझिटिव्ह आली की जिन्याला बांबू बांधले जात आणि सोसायटीच्या ग्रुपवर फ्लॅट नंबर फिरे. कामवाल्या मावशी तर सांगतच नसत, कारण सांगितलं की चार घरची कामं जात. सांगणाऱ्याला त्रास झाला की पुढचा सांगत नाही. माणसाचं आणि देशाचं यात फारसं वेगळं नाही.

घाबरण्यात नकाशाही हरवतो. २०१४ मध्ये एबोला गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिमेकडच्या देशांत होता. लोकांनी केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिकेच्या सफारी रद्द केल्या. लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया ते नैरोबी हे अंतर ५,००० किलोमीटरहून जास्त आहे. मनरोव्हियाहून स्पेनचं माद्रिद त्यापेक्षा बरंच जवळ. माद्रिदची तिकिटं कोणी रद्द केली नाहीत.

चांगला निर्बंध कसा असतो याचं उदाहरण तुमच्यातल्या केनियाला जाणाऱ्यांच्या पासपोर्टमध्ये असतं, यलो फिव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड. हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या कुंडीखालच्या ताटलीत आहे. म्हणून लस न घेता परतणाऱ्याला ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. कोणत्याही पासपोर्टवर आलात तरी नियम तोच, आणि त्यातून सुटायचा मार्गही तुमच्याच हातात.

तेव्हा जाणार असाल तर लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या, कार्ड त्यानंतरच वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. मलेरिया टाळण्याच्या गोळ्यांबद्दल विचारायला निदान तीन-चार आठवडे आधी या, एबोलापेक्षा तिथे तुम्हाला धोका त्याचा जास्त आहे. परतल्यावर ताप आला, अगदी दोन महिन्यांनी आला तरी, डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य ‘मी आफ्रिकेतून आलोय’ हेच असू द्या. रिसेप्शनवर कोणी तोंड वाकडं केलं तर तेही मला सांगा.