सौदा मोडण्याचा नियम आधी लिहा

कापसाच्या दलालीत माझी हयात गेली. सौदा मोडला तर काय, हे सौदा करतानाच ठरवायचं, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. भारत-पाकिस्तान व्यापारात नेमकं तेच कधी ठरलं नाही.

३१ मार्च २०२१ रोजी पाकिस्तानच्या अर्थमंत्र्यांनी भारतातून कापूस आणि ५ लाख टन साखर घ्यायची घोषणा केली. दोन्ही माल महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचे. दुसऱ्याच दिवशी तिथल्या मंत्रिमंडळानं ती रोखली. आधी काश्मीर, मग कापूस, ही त्यांची भूमिका!

आपल्याकडचं व्यापाराचं फाटकही असंच. ऑक्टोबर २००८मध्ये नियंत्रण रेषेवर उरीकडे सलामाबाद आणि पूंछकडे चकन-दा-बाग इथून व्यापार सुरू झाला. २१ प्रकारच्या वस्तू, मालाच्या बदल्यात माल. जकात नाही आणि मध्ये बँकही नाही. एप्रिल २०१९मध्ये दिल्लीनं तो थांबवला. शस्त्रं, अमली पदार्थ, बनावट नोटा येतात, हे कारण. ते क्षुल्लक नव्हतं. पण बँकेचा कागदच नसलेल्या धंद्यात लबाडी शिरणारच.

व्यापारानं युद्ध टळतं, असं मी म्हणत नाही. १९१४पूर्वी ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती, तरी लढली. १९५०मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांनी वेगळं सुचवलं: फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाच्या हाती द्या. १९५१च्या पॅरिस करारात सहा देश आले. तोफा ज्या पोलादाच्या, त्यावर एकट्याची सत्ता उरली नाही. तंट्यासाठी न्यायालयही आलं.

इतका अधिकार सोडायला दिल्ली किंवा इस्लामाबाद तयार होणार नाही. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर तर व्यापाराचं नाव काढणंही अनेकांना खटकेल. माणसं मारली गेली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. दहशतवाद्यांचा बंदोबस्त सुरक्षा दलांनीच करायचा, तो कापसाच्या गाठींनी होत नाही.

तरी बोलणी कधीतरी पुन्हा होतील. तेव्हा यादी छोटी ठेवा: कापूस, कांदा, औषधं. पैसे बँकेतूनच जावेत, तपासणी दोघांनी मिळून करावी, तंट्याला लवाद असावा. आणि फाटक बंद करायचं तर आधी नोटीस, वाटेतला माल पोचेपर्यंत मुदत. हे लिहून मिळत नसेल, तर फाटक उघडूच नका. उघडझाप करणाऱ्या फाटकानं शांतता येत नाही, व्यापारी तेवढे बुडतात.