विक्रमांचे मोजमाप

खेळाच्या जगात आकड्याइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाही, असे आपण मानतो. अजिंक्यपदे मोजावीत आणि ज्याची संख्या अधिक त्यास श्रेष्ठ म्हणावे, हा निवाडा किती सोपा वाटतो! पुरुषांच्या टेनिसमध्ये तर तो वारंवार दिला जातो. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विम्बल्डन व अमेरिका येथील चार मोठ्या स्पर्धांत रॉजर फेडररने एकेरीची २० अजिंक्यपदे मिळविली, राफाएल नदालने २२ मिळविली, आणि नोव्हाक जोकोविचने २०२३ साली २४ चा आकडा गाठला. याच यादीत रॉड लेव्हर या ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या नावापुढे केवळ ११ हा आकडा आहे. मग लेव्हर हा या तिघांच्या निम्म्या योग्यतेचाच होता काय?

उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९६८ पूर्वी या चारही स्पर्धा हौशी खेळाडूंपुरत्याच होत्या. जो खेळाडू उघडपणे पैसे घेऊन खेळे, तो धंदेवाईक ठरे आणि त्यास या स्पर्धांचे दार बंद होई. लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या आणि त्यानंतर तो धंदेवाईक झाला. पुढील पाच वर्षे, म्हणजे ओळीने २० स्पर्धा, त्यास खेळता आले नाही. त्याच्या उमेदीची ही वर्षे! १९६८ मध्ये दार उघडले आणि १९६९ मध्ये त्याने पुन्हा एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकून दाखविल्या. पुरुषांच्या एकेरीत हा पराक्रम दोन वेळा करणारा खेळाडू त्याच्यापूर्वी झाला नव्हता आणि त्याच्यानंतरही झालेला नाही.

याच नाण्याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. त्याचाच देशबंधू रॉय एमर्सन हा हौशीच राहिला. त्याच्या १२ अजिंक्यपदांपैकी १० अजिंक्यपदे १९६३ ते १९६७ या पाच वर्षांतील आहेत. १२ चा हा विक्रम २००० सालापर्यंत अबाधित होता. त्या वर्षी पीट सॅम्प्रसने विम्बल्डन जिंकून तो मोडला. यात एमर्सनचा दोष काय? जे समोर आले त्यांस त्याने हरविले. परंतु जे समोर येऊच शकले नाहीत, त्यांची नोंद त्या आकड्यात कोठे आहे?

यावर कोणी म्हणेल, “असे ‘जर’ आणि ‘तर’ मोजू लागलो, तर कोणताच विक्रम शिल्लक उरणार नाही.” हा आक्षेप रास्त आहे. लेव्हरने त्या वर्षांत आणखी आठ-दहा अजिंक्यपदे मिळविली असती, असे कल्पनेने लिहिणे हेही असत्यच होय. जे घडले नाही ते कोणाच्याही खाती जमा करता येत नाही. तसेच त्यामुळे जोकोविचचे यश तिळमात्र उणे होत नाही. चारही स्पर्धा प्रत्येकी किमान तीन वेळा जिंकणे हे असामान्य कर्तृत्व आहे, आणि त्यास आपण मनापासून वंदन केले पाहिजे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आकडा खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. कोणी किती जिंकले हे तो सांगतो. कोणास मैदानात पाऊल ठेवू दिले नाही, हे तो सांगत नाही. म्हणून निरनिराळ्या काळांतील खेळाडूंची तुलना करताना संख्येबरोबर त्या काळाचे नियमही वाचावेत. केवळ संख्येवरून निवाडा देणारा मनुष्य आळशी न्यायाधीशासारखा होय. तो एकच साक्ष ऐकतो आणि निकाल देऊन मोकळा होतो.

ही गोष्ट टेनिसपुरतीच नाही. जीवनातही आपण माणसे त्यांच्या मिळकतीवरून आणि पदकांवरून तोलतो. अशा वेळी मनास एक प्रश्न अवश्य विचारावा: शर्यतीचे दार सर्वांना सारखेच उघडे होते काय? हा प्रश्न विचारल्याने विजेत्याचा मान कमी होत नाही. दाराबाहेर उभ्या राहिलेल्यास मात्र न्याय मिळतो.