घराचा इसार किती द्यावा?



सुगी आटोपली, ऊसबिल हातात पडले की आपल्याकडे एक विषय हमखास निघतो. मुले तालुक्याला शिकायला आहेत, रोज एसटीची धावपळ किती दिवस करायची, तेथेच दोन खोल्या घेऊन टाकू. विचार चांगला आहे. घर पसंत पडते, भाव ठरतो, आणि मग घरमालक म्हणतो, "इसार किती देता बोला. मागे दुसरे गिऱ्हाईक उभे आहे." या एका वाक्याने भलेभले गडबडतात. बैल घेताना दात मोजणारा, पायाखूर तपासणारा माणूस घराच्या सौद्यात मात्र साध्या कागदावर सही घेऊन चार-पाच लाख रुपये देऊन मोकळा होतो.

कोठे याला इसार म्हणतात, कोठे विसार, कोठे बयाणा. शहरात टोकन म्हणतात. नाव कोणतेही असो, तो किती द्यावा, केव्हा द्यावा आणि कोणत्या कागदावर द्यावा, हे आज पाहू.

इसाराने काय होते?

इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण. तो दिला म्हणजे घर आपले झाले, असे मात्र नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीवर मालकी येत नाही. ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच येते. सौदा पुरा झाला तर इसार किमतीत वळता होतो. घेणाऱ्याने विनाकारण माघार घेतली तर तो बुडू शकतो. देणाऱ्याने शब्द फिरवला तर तो परत मागता येतो, किंवा सौदा पुरा करून द्या असा दावा लावता येतो. पण दावा म्हणजे वर्षानुवर्षांच्या तारखा, आणि तारखेला जायचे म्हणजे शेतातला एक दिवस मोडणे आले. त्यामुळे जेवढा इसार मोठा, तेवढी आपली मान अडकलेली.

किती द्यावा?

कायद्याने जुन्या घराच्या व्यवहारात इसाराचा आकडा ठरवून दिलेला नाही. रिवाज मात्र किमतीच्या एक दशांशाच्या आतबाहेर आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. माझे सांगणे असे की, हा दशांशही एकदम देऊ नका. दोन हप्त्यांत द्या.

पहिला हप्ता भाव ठरला त्या दिवशीचा. तो किमतीच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त नसावा. एवढ्याने मालकाला भरवसा वाटतो आणि आपल्याला कागदपत्रे पाहायला वेळ मिळतो. कागद नीट निघाले नाहीत तर ही रक्कम परत मिळेल, असे पावतीवर लिहून घ्या.

दुसरा हप्ता कागद तपासून झाल्यावर, साठेखताच्या दिवशी. दोन्ही मिळून दहा टक्के. बाकीची सगळी रक्कम खरेदीखताच्या दिवशी, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत.

उदाहरण घेऊ. घराची किंमत २४ लाख आहे आणि तुमच्याजवळ ११ लाख जमले आहेत. बँक १५ लाख कर्ज देईल असे वाटते. म्हणजे पदरचे ९ लाख लागणार. मुद्रांक, नोंदणी, वकील आणि बँकेचा खर्च यांसाठी किमतीच्या आठ टक्के बाजूला ठेवले तर ते झाले १ लाख ९२ हजार. एकूण १० लाख ९२ हजार. हातात उरले ८ हजार रुपये! आता अशा वेळी मालकाच्या आग्रहाने ५ लाख इसार दिला आणि बँकेने १५ ऐवजी १२ लाखच मंजूर केले, तर वरचे ३ लाख कोठून आणायचे? मग घरातले दागिने गहाण पडतात, नाहीतर सावकाराचे दार धरावे लागते. तेच पहिल्या दिवशी ४० हजार आणि साठेखताला २ लाख दिले असतील, तर अडचण आली तरी ती पेलण्याजोगी राहते.

बँकेचे एक ध्यानात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. पण "देता येते" म्हणजे "मिळतेच" असे नाही. बँक तुमचे उत्पन्न पाहते आणि घराची किंमत स्वतः ठरवते. म्हणून इसाराआधी बँकेत एक फेरी मारा, आणि "कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत" हे वाक्य करारात घालून घ्या.

कागदावर शब्द कोणता, याला फार महत्त्व

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे सांगतो. पहिला १९६३ सालचा. दिल्लीतील एका बंगल्याचा सौदा १ लाख १२ हजार ५०० रुपयांना ठरला होता. घेणाऱ्याने १ हजार इसार म्हणून आणि पुढे २४ हजार किमतीपोटी दिले. सौदा मोडला. न्यायालयाने सांगितले की, १ हजाराचा इसार मालकाने ठेवावा. पण २४ हजार हा इसार नव्हे, आणि प्रत्यक्ष नुकसान दाखविल्यावाचून तो ठेवून घेता येणार नाही.

दुसरा २०१२ सालचा. किंमत ७० लाख, इसार ७ लाख. घेणाऱ्याने व्यवहार पुरा केला नाही तर इसार जप्त होईल, असे करारात स्पष्ट होते. तेथे पुरे ७ लाख मालकाकडे राहिले.

यातून घ्यायचे ते एवढेच. सगळ्या आगाऊ रकमेला "इसार" म्हणू नका. इसार एवढा, आणि किमतीपोटी आगाऊ एवढे, असे दोन आकडे वेगळे लिहा. दावा लावायची वेळ आलीच, तर वकिलांना सांगून इसार परत मिळण्याची मागणीही दाव्यात लिहायला लावा. न मागितलेले कोर्ट देत नाही.

इसाराआधी काय पाहावे?

ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून पुष्कळ जण "घर माझ्याच नावावर आहे" म्हणतात. नमुना आठ हे घरपट्टीचे दप्तर आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मालकाचे स्वतःचे खरेदीखत आणि फेरफार पाहा. गावठाणातील घरांसाठी २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. तिची मिळकत पत्रिका निघाली आहे का, हे विचारा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या.

अस्सल कागद दाखवायला मालक टाळाटाळ करीत असेल, तर ते बँकेत तारण असण्याचा संभव आहे. तसे असेल तर बाकी किती ते बँकेकडून लेखी घ्या आणि तेवढा धनादेश थेट त्या कर्जखात्यावर द्या.

घर वडिलार्जित असेल तर बहिणींचे काय, हे विचारायला लाजू नका. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. "बहिणी काही म्हणणार नाहीत" हे भावाचे तोंडी बोलणे चालत नाही. त्यांच्या सह्या हव्यात. सह्या होईपर्यंत दुसरा हप्ता देऊ नका.

नवीन इमारतीतले घर

बांधकाम व्यावसायिकाकडून नवे घर घेत असाल तर तेथे कायदाच तुमच्या बाजूने उभा आहे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे करार लिहून त्याची नोंदणी केल्याशिवाय त्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आहे की नाही, ते आधी पाहा.

रोख देऊ नका

घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची २०१५ पासून मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. निव्वळ शेतीउत्पन्न असणाऱ्यांना काही सूट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. धनादेशाने किंवा खात्यातून दिलेला पैसा बोलतो, रोख पैसा मुका असतो. सौदा फिसकटला तर "अमक्यासमोर दिले होते" म्हणण्याची पाळी येते, आणि तो अमका नेमका त्या दिवशी परगावी असतो.

पावतीत घराचे वर्णन, पूर्ण किंमत, दिलेली रक्कम, धनादेशाचा क्रमांक, खरेदीखताची मुदत, सौदा मोडल्यास काय, आणि दोन साक्षीदार एवढे असावेच. साठेखत मुद्रांकावर करून नोंदवा. त्यात ताबा देणार असाल तर २००१ पासून नोंदणी टाळून चालत नाही. मुद्रांक त्या वेळी पूर्ण लागला तरी खरेदीखताच्या वेळी तो वळता होतो.

घर विकणाऱ्यांसाठी

आपल्या वाचकांत विकणारेही आहेत. त्यांनीही फार किरकोळ इसारावर सहा-सहा महिने अडकून पडू नये. मुदत नव्वद दिवसांची ठेवावी. पूर्ण पैसे आल्यावाचून किल्ली देऊ नये. आणि व्यवहार पुरा होईपर्यंत इसाराची रक्कम लग्नकार्यात खर्च करू नये. परत द्यायची पाळी आली तर घर तेथेच राहते आणि कर्ज अंगावर येते.

मुहूर्ताची घाई बहुतेक सौद्यांत असते. पाडवा किंवा अक्षय्य तृतीया साधायची असेल तर जरूर साधा. त्या दिवशी नारळ फोडा, पेढे वाटा, पहिला लहान हप्ता द्या. मोठी रक्कम मात्र कागद पाहिल्यावरच. आणि हा हिशेब घरातल्या बाईमाणसांसमोर मांडा. वर्षभराची काटकसर त्यांनी केलेली असते, आणि कोणता खर्च आपण विसरलो ते बहुधा त्यांनाच आठवते.

खरेदीखताच्या दिवशी कचेरीत काय काय बरोबर न्यावे, ते पुढील लेखात पाहू.