ड्रोन आमचा फोटो काढतो, पुढे काय?

डिसेंबर २०१९. सीएए-एनआरसीविरोधात देशभर मोर्चे निघत होते. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातही निघाला. तहसीलसमोर सभा सुरू असताना डोक्यावर घरघर ऐकू आली. वर पाहिलं तर ड्रोन. पोरांनी हात हलवले, पुढे बसलेल्या बायकांनी ओढणी तोंडावर ओढली. शेजारचे चाचा म्हणाले, “फोटू लेके क्या करते ये लोगां?” मला उत्तर देता आलं नाही.

नंतर दिल्लीच्या बातम्या वाचल्या. दिल्ली पोलिसांकडे चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली २०१८च्या सुमारास आली, ती हरवलेली मुलं शोधण्यासाठी. पण २०१९च्या अखेरीस आंदोलनांच्या चित्रीकरणातले चेहरे तिच्यात टाकून तपासले गेल्याचं वृत्तपत्रांनी छापलं. मार्च २०२०मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत सांगितलं की, दिल्ली दंगलीच्या तपासात मतदार ओळखपत्रं आणि वाहन परवान्यांची माहिती वापरून अकराशेहून अधिक लोकांची ओळख पटवली. दंगलखोर पकडायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण मी मतदार यादीत नाव घातलं ते मत देण्यासाठी. माझा तोच फोटो गर्दीतल्या चेहऱ्यांशी जुळवून पाहिला जाईल, हे मला कुणी विचारलं होतं का?

यंत्र चुकतंही. माहिती अधिकारात २०२२मध्ये मिळालेल्या उत्तरात दिल्ली पोलिसांनी म्हटलं होतं की, ८० टक्क्यांहून जास्त जुळणी झाली की ती ‘ओळख पटली’ असं धरलं जातं. अशा एखाद्या चुकीच्या जुळणीत गरीब घरातला पोरगा सापडला, तर वकिलाची फी आणि कोर्टाच्या तारखा त्याच्या घरच्यांच्या वाट्याला येतात.

हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे, असं कुणी समजू नये. फेब्रुवारी २०२४मध्ये शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांच्या ड्रोनने शेतकऱ्यांवर अश्रुधुराची नळकांडी टाकली, तेव्हा शेतकऱ्यांनी ते पाडायला पतंग उडवले. त्याच वर्षी अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर ड्रोन घिरट्या घालतात, म्हणून विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला. तिथे तर ड्रोन नक्की कुणाचा, हीच चर्चा होती. आमच्या चाचांचा प्रश्न पाच वर्षांनी मराठा आंदोलकांनाही पडला.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. पंढरीची वारी, गणपती विसर्जन, ईदचा जुलूस, कुठेही लाखोंची गर्दी झाली की चेंगराचेंगरीची भीती असते. वरून दिसलं तर रस्ता वेळेत मोकळा करता येतो. त्याला माझा विरोध नाही. गर्दी किती आहे, हे पाहायला चेहरे लागत नाहीत. माझा आक्षेप चेहरे साठवण्याला आणि त्याबद्दल काहीच न सांगण्याला आहे.

लोक म्हणतात, ज्याने काही केलं नाही त्याने का घाबरावं? मतदान करताना आपण काय गुन्हा करतो? तरीही तिथे आडोसा असतो, कारण कुणी पाहत असेल तर माणूस मोकळेपणाने मत देत नाही. मोर्चाचंही तसंच. आमच्या गावात पुढच्या वर्षी पाण्यासाठी मोर्चा ठरला, तेव्हा एका आईने मला स्पष्ट सांगितलं, “पोराची भरतीची तयारी चालू आहे, त्याला बोलावू नका.” तिला कुणीही धमकावलं नव्हतं. तिने फक्त तो ड्रोन पाहिला होता.

२०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर सरकारकडे कायदा हवा, रास्त कारण हवं आणि उपाय प्रमाणात हवा. अटक झालेल्यांच्या बोटांचे ठसे घ्यायला निदान २०२२चा कायदा तरी आहे. मोर्चावर उडणाऱ्या ड्रोनच्या चित्रीकरणासाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवली आहे. फ्रान्समध्ये २०२०च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पॅरिस पोलिसांचे निदर्शनांवरचे ड्रोन थांबवले. सरकारला त्यासाठी आधी कायदा करावा लागला. आपल्याकडे ड्रोन आधी आला, कायद्याचा अजून पत्ता नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मोर्चावर ड्रोन उडवायचा तर आयोजकांना लेखी कळवा. गुन्हा घडला नसेल, तर ठरलेल्या मुदतीत चित्रीकरण पुसा. न्यायालयाच्या परवानगीशिवाय चेहरे जुळवू नका. आणि गुन्हा दाखल झालाच, तर ते संपूर्ण चित्रीकरण आरोपीलाही द्या, निवडक तुकडे नकोत. पहिला दगड कुणी मारला, लाठी कुणी आधी उगारली, हेही त्यात दिसतं. निर्दोष माणसाला सोडवणारा पुरावा पोलिसांच्याच कपाटात राहिला, तर तो काय कामाचा?

आपल्या भागात मोर्चा झाला आणि वर ड्रोन दिसला, तर दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. परवानगी कुणी दिली, चित्रीकरण कुठे आहे, कधी पुसणार, एवढंच विचारा. चाचांना द्यायचं उत्तर मीही आता तसंच शोधणार आहे.