शुगर उतरली तर डॉक्टरांची वाट कशाला?

आपल्या इस्लामपूरभोवती साखर कारखाने. पण आम्ही नोकरी केली त्या वॉर्डात कुणाची शुगर उतरली, की चमचाभर साखर नातेवाइकांच्या पिशवीत शोधावी लागायची.

एक रात्र विसरत नाही. वस्तीतले एक काका घामाने चिंब होऊन बरळत होते. ‘प्यायलाय, झोपू दे,’ कुणीतरी म्हणालं. काकू जीव तोडून सांगत होत्या, हे दारूला शिवत नाहीत. बोट टोचून तपासलं तर शुगर 38. संध्याकाळी इन्सुलिन दिलं होतं, जेवण आलंच नव्हतं. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर थोड्याच वेळात त्यांनी काकूंना ओळखलं. पण त्याआधी डॉक्टरांना फोन, मग केसपेपरवर ऑर्डर, यात गेलेला वेळ आम्हाला आजही बोचतो. दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचा डोस तोच!

70 च्या खाली शुगर म्हणजे कमी, 54 च्या खाली धोका. मेंदूला साखर मिळेना झाली की फिट येते, माणूस दगावतोही.

बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळलं, हे आपल्या घराघरात माहीत आहे. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. आपल्या पेशंटच्या उशाशी रात्री डॉक्टर नसतो, सिस्टर असते. म्हणून उपचार सुरू करण्याचा लेखी अधिकार तिला हवा. पेशंट शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट शिरेतून ग्लुकोज. डॉक्टरांना त्याच वेळी कळवावं, पण वाट बघत बसू नये. ग्लुकोमीटर, स्ट्रिपा आणि ग्लुकोज एकाच डब्यात, प्रत्येक वॉर्डात. याला काही लाखोंचं मशीन लागत नाही.

ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्यांनी शुगर उतरली असेल, तर ती एकदा वर येऊन पुन्हा खाली जाते. म्हाताऱ्यांत आणि किडनी कमजोर असलेल्यांत तर हमखास भीती. अशा पेशंटला ‘आता बरा आहे’ म्हणून लगेच घरी धाडणं आम्हाला पटत नाही.

उपजिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे ही मागणी आपण वस्तीतून सह्या करून लेखी देऊ. तोवर आपला माणूस अ‍ॅडमिट असेल तर इन्सुलिनच्या वेळी विचारा, ‘सिस्टर, जेवण आलंय का?’ ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल तर सकाळचं इन्सुलिन आणि गोळी द्यायची का, हेही विचारा. आणि कुणी ‘प्यायलाय’ म्हणालं, तर आधी शुगर तपासायला लावा.