कर येतोय म्हणे!

भारतातलं बजेट कसं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आधी तो हलवा होतो, मग छपाईच्या कामातली अधिकारी मंडळी भाषण होईपर्यंत कोंडून घेतली जातात आणि १ फेब्रुवारीला काय ते कळतं. ब्रिटनमध्येही एकेकाळी गुप्ततेचं असंच सोवळं होतं. १९४७ साली ह्यू डाल्टन या अर्थमंत्र्यांनी बजेटच्या भाषणाला जाता जाता एका पत्रकाराला करांच्या दोनचार गोष्टी सांगून टाकल्या. भाषण संपायच्या आत त्या संध्याकाळच्या पेपरात छापून आल्या आणि बिचाऱ्यांना राजीनामा द्यावा लागला.

आता इथे बजेटच्या आधी दोन-तीन महिने रोज नवी पुडी सुटते. 'पेन्शनवर डोळा', 'घरांवर नवा कर', 'इन्कम टॅक्स दोन टक्क्यांनी वाढणार', 'छे, नाही वाढणार'. २०२४ साली नवं सरकार जुलैत आलं, तिजोरीत २२ अब्ज पौंडांचा खड्डा आहे असं महिन्याभरात सांगून मोकळं झालं आणि बजेट ठेवलं थेट ३० ऑक्टोबरला! २०२५ ला तर तारीख सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झाली, ती २६ नोव्हेंबरची. म्हणजे बारा आठवडे नुसतं 'येतोय, येतोय'. (त्यात गंमत अशी, की सरकारी अंदाज मांडणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा अहवालच त्या दिवशी चुकून अर्थमंत्र्यांच्या भाषणाआधी इंटरनेटवर खुला झाला. डाल्टनसाहेबांचा आत्मा सुखावला असेल.)

मी कंट्रोल सिस्टिममध्ये काम करणारा माणूस, अर्थशास्त्री नव्हे. पण एक गोष्ट आमच्या धंद्यातली आहे. यंत्राला धक्का बसल्यावर ते सावरतं त्याला आम्ही फीडबॅक म्हणतो, आणि धक्का येणार हे आधी कळून यंत्र आधीच हलतं त्याला फीडफॉरवर्ड. माणसं करांच्या बाबतीत दुसऱ्या जातीची आहेत. कर लागायच्या आधीच ती हलतात. पण सगळी नाही हलत, आणि जी हलतात ती सगळी शहाणपणानं हलतात असंही नाही. माझं जे म्हणणं आहे ते याबद्दलच आहे.

आधी शहाणी मंडळी घेऊ. एप्रिल २००९ च्या बजेटमध्ये जाहीर झालं, की वर्षाला दीड लाख पौंडांपुढच्या कमाईवर एप्रिल २०१० पासून ५० टक्के कर लागेल. आधीचा दर ४० टक्के. म्हणजे जवळजवळ एक वर्षाची नोटीस. ज्यांच्या स्वतःच्या कंपन्या होत्या त्यांनी काय केलं असेल? पुढच्या दोन-तीन वर्षांत काढायचा लाभांश मार्च २०१० च्या आत काढून जुन्या दरात मोकळे झाले. इथल्या करखात्यानंच २०१२ साली हिशोब मांडला, तेव्हा १६ ते १८ अब्ज पौंडांचं उत्पन्न असं अलीकडे ओढलं गेल्याचा अंदाज निघाला. पुढे २०१२ मध्ये जाहीर झालं, की एप्रिल २०१३ पासून दर ४५ होणार. लगेच तीच मंडळी उलट दिशेला, पैसे थोपवून बसली!

यात बेकायदेशीर काही नाही, आणि त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तर हेच केलं असतं. मुद्दा असा, की तुमच्या-माझ्यासारखा पगारदार त्यांच्या जागी कधीच नसतो. मी साहेबाकडे जाऊन 'पुढच्या वर्षीचा पगार या मार्चमध्येच द्या' म्हणू शकत नाही. पगार हातात यायच्या आधीच कर कापलेला असतो. स्वतःच्या मिळकतीची तारीख ज्याला बदलता येते, त्याला येऊ घातलेल्या कराचं फारसं भय नसतं.

आता दुसरी बाजू. १९८८ च्या मार्चमध्ये नायजेल लॉसन यांनी गृहकर्जाच्या व्याजावरची एक सवलत आवळली. तोवर लग्न न झालेली दोन माणसं मिळून घर घेत तेव्हा प्रत्येकाला ३० हजार पौंडांपर्यंतच्या कर्जावर सवलत मिळे. आता ती घरटी एकच मिळणार होती. पण अंमल १ ऑगस्टपासून! मधले साडेचार महिने मोकळे. झालं, जोडपी, मित्र, भावंडं, जो तो कुणाला तरी हाताशी धरून घर घ्यायला पळाला. बाजार आधीच तापलेला होता, त्यात हे तेल पडलं. पुढच्याच वर्षी बँक दर १५ टक्क्यांच्या घरात गेला, मग घरांच्या किमती घसरल्या, आणि कर्ज जास्त, घराची किंमत कमी अशी लाखो कुटुंबांची अवस्था झाली.

मी इथे आलो तेव्हा आमच्या टीममध्ये मिडलंड्समधला एक जुना टेक्निशियन होता. त्यानं त्या उन्हाळ्यात मित्राबरोबर असा एक फ्लॅट घेतला होता. वाचणार होते महिन्याला थोडेसे पौंड. पुढे मित्राचं लग्न ठरलं, त्याला बाहेर पडायचं होतं, पण विकायचा कुणाला? विकला तर खिशातून भरावे लागणार. दोघं सहा-सात वर्षं त्या फ्लॅटला आणि एकमेकांना बांधलेले राहिले. तो हे हसत हसत सांगायचा, पण 'मित्र' म्हणताना त्याचं तोंड जरा वाकडं व्हायचं. इथे घर घेताना त्यानं मला एकच सल्ला दिला होता, की तारीख बघून घर घेऊ नकोस.

पण लोक तारीख बघतातच. दुसऱ्या घरावर एप्रिल २०१६ पासून तीन टक्के जादा मुद्रांक शुल्क लागणार म्हटल्यावर त्या मार्चमध्ये झुंबड उडाली. २०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा तेच, कारण १ एप्रिलपासून शुल्कमाफीची मर्यादा अडीच लाखांवरून सव्वा लाखावर येणार होती. मार्चमध्ये व्यवहार उसळले आणि एप्रिलमध्ये धाडकन खाली. पहिलं घर घेणाऱ्यांसाठी मर्यादा सव्वाचार लाखांवरून तीन लाखांवर आली. म्हणजे या मर्यादेपुरता जास्तीत जास्त सव्वासहा हजार पौंडांचा फरक. तेवढ्यासाठी माणसं सर्व्हे नीट न वाचता सह्या करतात. वकिलांची, बँकांची लगबग बघण्यासारखी असते. घर विकणाऱ्याला हे सगळं कळत असतंच, तो किंमत कशाला सोडेल? वाचलेल्या करातला बराचसा वाटा त्याच्याच खिशात जातो असं माझं मत आहे.

निदान या दोन्ही वेळा कर खरा होता, तारीख खरी होती. सगळ्यात वाईट प्रकार अफवेचा. इथे ५५ व्या वर्षानंतर (२०२८ पासून ५७) आपल्या पेन्शनच्या साठ्यातले २५ टक्के करमुक्त काढता येतात, कमाल २,६८,२७५ पौंड. २०२४ च्या बजेटआधी वावडी उठली, की ही मर्यादा खाली येणार. लोकांनी धडाधड पैसे काढले. बजेट आलं आणि गेलं, त्या मर्यादेला हातही लागला नाही. २०२५ ला पुन्हा तीच वावडी, पुन्हा तीच पळापळ आणि पुन्हा काही झालं नाही! एकदा पैसे बाहेर काढले, की 'चुकून काढले हो' म्हणून आत ठेवता येत नाहीत. करखात्यानं ते स्पष्टही केलं. पेन्शनच्या आत ते बिनकराचे वाढत होते, बाहेर बँकेत ठेवले की व्याजावर कराची शक्यता. ज्या करापासून पळायचं तो आलाच नाही, आणि पळण्याची किंमत मात्र भरून झाली. त्यात बहुतेक साठीच्या आसपासची साधी माणसं असणार. बड्यांना सल्लागार असतात, ते म्हणतात 'थांबा, कागद हातात येऊ दे'.

नोकरदार खरोखर हलतो तो वेगळ्या ठिकाणी, स्वतःच्या कामाच्या तासांत. आपल्या मराठी डॉक्टरांचं उदाहरण देतो, कारण इथल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत चार माणसांत एक तरी डॉक्टर असतोच. २०१६ पासून जास्त कमावणाऱ्यांची पेन्शनमध्ये करमुक्त भर घालण्याची मर्यादा उतरत्या क्रमानं कमी केली गेली. त्याचा हिशोब इतका किचकट, की शनिवारचं एखादं जादा क्लिनिक घेतलं की वर्षअखेर हजारो पौंडांचं बिल यायचं, कधीकधी त्या क्लिनिकच्या कमाईहून मोठं. एक-दोन जणांना असं बिल आलं, बाकीच्यांनी ते ऐकलं, आणि जादा पाळ्यांना सरळ नकार सुरू झाले. आमच्या ओळखीतल्या एक भूलतज्ज्ञ ताई म्हणायच्या, "मला काम नको असं नाही हो, पण पदरचे पैसे घालून कोण भूल देईल?" शेवटी २०२० मध्ये सरकारनं उत्पन्नाची ती सीमा १ लाख १० हजारांवरून २ लाखांवर नेली. तोवर वेटिंग लिस्ट कुणी सोसली? ज्यांचा त्या कराशी काडीचा संबंध नव्हता अशा गुडघेदुखीच्या आजीबाईंनी.

असंच एक लाख पौंडांचं. तिथून पुढे दर दोन पौंडांमागे एक पौंडाची करमाफी काढून घेतात, त्यामुळे १,२५,१४० पर्यंत प्रत्येक जादा पौंडातले ६० पेन्स आयकरात जातात. वर इंग्लंडमध्ये आई किंवा बाप, कुणा एकाचं उत्पन्न लाखापुढे गेलं की नोकरदारांच्या लहान मुलांना मिळणारे पाळणाघराचे मोफत तास बंद. मग लोक बढती पुढे ढकलतात, चार दिवसांचा आठवडा मागून घेतात किंवा वरचे पैसे पेन्शनमध्ये कोंबतात. भारतातल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणतो, "लाख पौंड मिळतात आणि रडता काय?" बरोबर आहे त्याचं. पण मी त्यांच्या दुःखाबद्दल बोलत नाहीये. एवढे अनुभवी लोक कॅलेंडर बघून कमी काम करतात हे देशाला परवडतं का, एवढाच प्रश्न.

आता या सगळ्याला एक तात्त्विक अंगही आहे. डेव्हिड रिकार्डो हा लंडनचा शेअरदलाल आणि अर्थशास्त्री. त्यानं १८२० साली विचारलं होतं, की लढाईसाठी दोन कोटी पौंड आजच कराने घेतले काय, किंवा कर्ज काढून पाच टक्क्यांनी वर्षाला दहा लाख व्याज कायम भरलं काय, फरक काय पडतो? हिशोबानं काहीच नाही. म्हणून, सरकार कर्ज काढायला लागलं की शहाण्या माणसानं उद्याचा कर ओळखून आजच बचत करावी. १९७४ साली रॉबर्ट बॅरो यांनी हाच विचार पुन्हा मांडला आणि त्यावर अजून वाद चालू आहेत. पण रिकार्डोनं स्वतःच म्हणून ठेवलं होतं, की माणसं असा हिशोब करत नाहीत.

याचा पुरावा इथे रोज दिसतो. पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही, ही मर्यादा २०२१ पासून गोठवलेली आहे आणि २०२५ च्या बजेटनं ती एप्रिल २०३१ पर्यंत तशीच ठेवायचं ठरवलं. पगार महागाईबरोबर वाढतात, मर्यादा तिथेच, म्हणजे दर न वाढवता दरवर्षी करवाढ. आधी जाहीर केलेली, तारखेसकट! तरी यासाठी कुणी रांग लावत नाही की कुणी पळत नाही. ज्यासाठी पळापळ होते तो कर थोड्यांचा आणि दिसणारा असतो. न दिसणारा सगळे निमूट भरतात. सरकारला हे पक्कं माहीत आहे.

यावर उपाय नाही असं नाही, आणि तो आपल्याकडे होऊन गेलाय. १ फेब्रुवारी २०१८ च्या बजेटमध्ये शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के कर जाहीर झाला, लागू १ एप्रिलपासून. मध्ये दोन महिने. पण ३१ जानेवारीपर्यंतचा नफा करातून वगळला होता. म्हणजे जुना नफा वाचवायला पळत सुटण्यात अर्थच उरला नाही. मुदत द्यायची असेल तर अशी द्यावी. नाहीतर लॉसनसारखे साडेचार महिने नुसते मोकळे सोडू नयेत, आणि बारा आठवडे पतंग तर मुळीच उडवू नयेत. (आपल्याकडेही सगळंच असं शिस्तीत होतं असं नाही. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं सांगितलं आणि दर उतरले २२ सप्टेंबरला. मधल्या काळात गाडीच्या शोरूममधल्या माणसानं कुणाचं तोंड बघायचं?)

इथला पुढचा अंक आत्ताच सुरू झालाय. पगारातला काही भाग सोडून देऊन तो कंपनीमार्फत पेन्शनमध्ये टाकला, तर त्यावरचा नॅशनल इन्शुरन्स दोघांचाही वाचतो. एप्रिल २०२९ पासून ही सूट वर्षाला फक्त २००० पौंडांपर्यंतच असेल असं नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालं. यावेळी नोटीस तीन वर्षांहून जास्त! आमच्या ऑफिसातल्या सीनियर मंडळींनी एक्सेल उघडून तोपर्यंत किती कोंबता येईल ते काढून ठेवलंय, मीही काढलंय. मात्र स्टोअरमध्ये काम करणाऱ्या पोरांपैकी फार कुणी ते पत्र वाचलेलं दिसलं नाही. त्यांची भर २००० च्या आतलीच. एप्रिल २०२५ पासून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो लागू होण्याची पगाराची सीमा ९१०० वरून ५००० वर आली, तेव्हापासून त्यांचं लक्ष ओव्हरटाइमच्या यादीकडे असतं. ती यादी दर गुरुवारी लागते आणि पूर्वीपेक्षा आखूड असते.